टिळ्याच्या मुहूर्तावर जास्त झालेली वीज

माझा नवरा शिव्या खाण्याच्या नोकरीत आहे. कागदावर त्या नोकरीचं नाव भार नियंत्रण अधिकारी असं आहे. आमचं लग्न झालं तेव्हा देशात वीज नव्हती, म्हणून लोक त्याला शिव्या द्यायचे. आज कुठे अंधार आणि उद्या कुठे, हे खगेंद्र सकाळी चहा पिताना ठरवतो असा सगळ्यांचा समज होता. भाजीवालीसुद्धा कांदे तोलता तोलता मला विचारायची, "तुमच्याकडे जाते का हो कधी? की तुमची वेगळी तार आहे?" आता देशात वीज उतू चालली आहे, तरी शिव्या त्यालाच. फरक एवढाच, की आता शिव्या देणारे नात्यातले असतात.

कारण मधल्या काळात आमच्या देशाने पाणी साठवलं नाही, शेअर साठवले. जिथे म्हणून एखादा ओढा उतारावरून पळताना दिसला तिथे कंपनी उभी राहिली आणि तिचे दहा-दहा शेअर घरोघरी गेले. आमच्या गल्लीतला न्हावी, पुरोहित, शिवणकाम करणारी मैया, सगळे जलविद्युत सम्राट आहेत. सकाळी भेटल्यावर कुणी कुणाची तब्येत विचारत नाही. "काय, तुमच्या खोल्याला पाणी कसं आहे?" असं विचारतात. आमच्याकडे ओढ्याला खोला म्हणतात, आणि माणसाची ओळख आता आडनावावरून कमी आणि खोल्यावरून जास्त होते.

हे बहुतेक सगळे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे. पाणी आलं की यंत्र फिरणार, नाही आलं की बसणार. हिवाळ्यात नद्या दोरीएवढ्या होतात तेव्हा आम्ही दक्षिणेकडून, भारतातून, वीज विकत घेतो. पावसाळा संपता संपता नद्या फुगलेल्या असतात तेव्हा तीच वीज विकायला त्यांच्याच दारात जाऊन उभे राहतो. आणि वीज म्हणजे लोणचं नाही, बरणीत भरून ठेवायला. ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी बनवावी लागते. कमी पडली तर अंधार, आणि फार जास्त झाली तरी अंधार. यातलं दुसरं वाक्य माझ्या माहेरी आजपर्यंत एकालाही पटलेलं नाही.

"जास्त झाली म्हणून अंधार?" माझे बा म्हणतात. "ज्वाईंसाब, भात जास्त शिजला म्हणून कुणी उपाशी झोपतं का?"

बा म्हणजे टंकनाथ ढुंगाना, सिस्नेरी गावचे निवृत्त हेडमास्तर आणि लिस्ने खोला जलविद्युत कंपनीच्या स्थानिक भागधारक समितीचे अध्यक्ष. प्रकल्प आमच्या घराच्या खाली, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. माझा धाकटा भाऊ गोकर्ण तिथे यंत्र चालवतो. त्याला ती नोकरी कशी मिळाली याची चौकशी करायची असेल तर समितीच्या अध्यक्षांकडे अर्ज करावा लागेल.

गेल्या दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, खगेंद्रच्या भार नियंत्रण केंद्राने लिस्ने खोला बंद ठेवायला लावला होता. सण आला की कारखाने बंद, काठमांडू ओस, माणसं आपापल्या डोंगरावर, मग वीज वापरणार कोण? पण गावाने बांना त्यावरून सोलून काढलं. अध्यक्षांच्या जावयाने अध्यक्षांचंच यंत्र बंद केलं, हा विनोद चहाच्या दुकानात वर्षभर शिळा झाला नाही. यंदा दसैंनंतर समितीची निवडणूक होती. बांनी त्याच चहाच्या दुकानात, भरल्या बाकांसमोर, जाहीर करून टाकलं, "या वर्षी लिस्ने खोला थांबणार नाही. तिथे माझा जावई बसतो!"

जावयाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

खगेंद्रबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याला बढती वेळेवर मिळाली नाही, घर अजून भाड्याचं आहे, मोटरसायकल ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून देश एकदाही पूर्ण विझला नाही. सणासुदीला दोन घोट रक्सी पोटात गेली की तो तेवढंच बोलतो, "मंदिरा, माझ्या हातून देश कधी विझला नाही." मी हसते. हसते, पण मला माहीत आहे की या माणसाकडे मिरवायला एवढंच आहे, आणि तेही तो बायकोपुढेच मिरवतो.

यंदा घोळ झाला तो चुलींमुळे. जास्तीची वीज खपावी म्हणून सरकारने घरोघरी विजेच्या चुली पोचवल्या. लोकांनी घेतल्या. विजयादशमीच्या सकाळी आता सगळ्या देशाचं बकऱ्याचं मटण विजेवर शिजतं. इथवर उत्तम. पण टिळ्याचा मुहूर्त जवळ आला की सगळा देश एकाच वेळी चूल बंद करतो, हात धुतो आणि वडीलधाऱ्यांसमोर चटईवर जाऊन बसतो. मुहूर्त पंचांगवाले काढतात, दणका खगेंद्रच्या तारांना बसतो. भारताकडे जास्तीची वीज पाठवावी, तर दसरा त्यांचाही, कारखाने त्यांचेही बंद. सीमेपलीकडून उत्तर आलं होतं, त्याचा अर्थ शुभेच्छा घ्या, वीज नको, एवढाच निघत होता.

म्हणून खगेंद्रने ठरवलं होतं की मुहूर्ताच्या थोडं आधी नऊ प्रकल्प थांबवायचे आणि टिळे झाले, चुली पेटल्या, की पुन्हा सुरू करायचे. तासाभराचा तर प्रश्न. नऊही ठिकाणी आठवडाभर आधी कळवलं होतं. नववा लिस्ने खोला. सगळं नीट लावून दिल्यावर त्याने, लग्नानंतर पहिल्यांदाच, टिळ्याच्या दिवशी रजा घेतली आणि आम्ही सिस्नेरीला आलो. केंद्रात पाळीवर निरुता पोखरेल नावाची तरुण इंजिनिअर होती. ज्यांचं लग्न झालेलं नाही त्यांना सणाची पाळी, असा तिथला न लिहिलेला नियम आहे.

सकाळी माझी आमा जमरा, म्हणजे सणासाठी उगवलेले जवाचे कोंब, खुडत होती, बा ओसरीवर बसून टिळ्यासाठी दह्यात तांदूळ आणि लाल रंग कालवत होते. खगेंद्र अंगणात उभा होता. पहिला फोन त्याच्या साहेबांचा.

"खगेंद्रजी, शुभेच्छा, शुभेच्छा! ते भ्यागुते खोल्याचं काय ते बंदबिंद ठेवलंय म्हणे?"

"तासभर, सर. मुहूर्ताला."

"तेच म्हणतो मी. मुहूर्तावर वाहतं पाणी अडवायचं? अहो, त्या घडीला जे करावं ते वर्षभर होतं. आधी करा, नंतर करा. ऐन घडीला नको."

"सर, दणका ऐन घडीलाच बसणार आहे."

"हो, हो, ते तांत्रिक झालं. तुम्ही हुशार आहात, दुसरीकडे बघा ना. आठ आहेत की."

मग मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा फोन. मंत्र्यांच्या गावचा खोला. मग एका निवृत्त सचिवाचा, ज्यांच्या सुनेच्या माहेरचा खोला होता. मग एका बँकेच्या अध्यक्षाचा. मग पुन्हा साहेबांचा, या वेळी दुसऱ्या खोल्यासाठी, कारण त्यांच्या बायकोला दोन बहिणी आहेत. मग आणखी तिघांचे. वीज जास्त होईल हे कुणीच नाकारत नव्हतं. थांबवायलाच हवं, हेही सगळ्यांना मान्य होतं. फक्त ऐन घडीला आपला खोला अडवायचा म्हणजे अपशकुन, दुसऱ्याचा अडवला तर देशसेवा. दर फोननंतर खगेंद्र निरुताला कळवत होता, "हा काढ. हाही काढ." सुरुवातीला ती "बरं सर" म्हणत होती. नंतर नुसती श्वास घेत होती.

बा तांदूळ कालवत सगळं ऐकत होते. हेडमास्तरांचे कान ते. प्रत्येक फोनला त्यांनी लाल बोटांनी एकेक मणी मोजावा तसा एकेक खोला मोजला. आठवा फोन संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आता कोण उरलं, ज्वाईंसाब?"

खगेंद्रने फोन खिशात टाकला.

"म्हणजे आपणच," बा म्हणाले. "मंत्र्याचा सुटला, साहेबाचे दोन सुटले, सचिवाच्या व्याह्यांचा सुटला, बँकेचा सुटला. बंद कोणाचा? ज्याचा जावई तिथे साहेब आहे त्याचा! वा! लोक मुलगी डॉक्टरला देतात तर औषध फुकट मिळतं. मी विजेवाल्याला दिली."

"बा, आठही थांबत नाहीत म्हणून तर हा थांबायला हवा. एक गेला तर कदाचित निभावेल."

"कदाचित?"

"कदाचित."

"कदाचितसाठी मी चहाच्या दुकानात नाक कापून घेऊ?"

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. मला बांचा राग आला, साहेबांचा त्याहून आला, आणि सगळ्यात जास्त खगेंद्रचा, की त्याने आठ वेळा "हो सर" म्हटलं आणि नवव्या वेळी त्याला तत्त्व आठवलं.

मुहूर्त जवळ आला. आमच्या अंगणात अर्धं गाव होतं, कारण हेडमास्तरांच्या हातचा टिळा लावून घ्यायची रीत आहे. खालच्या, वरच्या, सगळ्या घरांतल्या चुली बंद होत होत्या. माणसं हात पुसत येत होती. चटईवर पहिला मान जावयाचा. आमच्यात मुलगी आणि जावई पुजायचे असतात. सासऱ्याने आधी जावयाच्या पायावर डोकं टेकायचं आणि मग टिळा लावायचा. एरवी आम्ही सणाच्या उरलेल्या दिवसांत येतो तेव्हा बा टेकतात, झटकन उठतात. यंदा टेकलं ते उठेचनात.

खगेंद्र पाय आवळून बसलेला. बांनी दोन्ही हातांनी त्याचे घोटे धरलेले.

"बा, उठा," तो हळूच म्हणाला.

"शब्द द्या."

"बा, लोक बघतायत."

"बघू देत. हेच भागधारक आहेत. लिस्ने खोला थांबणार नाही म्हणा, उठतो."

खिशातला फोन वाजायला लागला. निरुता. खगेंद्रने तो कानाला लावला. मी शेजारीच बसले होते, मला तिचा आवाज ऐकू येत होता. "सर, वापर पडायला लागलाय. फार भराभर पडतोय. कुठल्याच प्रकल्पावर कुणी फोन उचलत नाहीये. सर, सगळे टिळा लावायला गेलेत."

खगेंद्रने रांगेत पाहिलं. तिथे नव्या टोपीत, हात जोडून, गोकर्ण बसला होता.

"गोकर्ण! यंत्रापाशी कोण आहे?"

"यंत्र आहे ना, भिनाजु," गोकर्ण म्हणाला. "चालू आहे व्यवस्थित. म्हटलं, मुहूर्त टळायला नको."

देशभरात जे चाललं होतं ते एका चटईवर दिसलं. खगेंद्रचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पायावर सासरा आणि कानाला फोन. सासऱ्याला लाथेने दूर करता येत नाही आणि देशाला थांब म्हणता येत नाही.

मग मीच बोलले. टिळ्याच्या दिवशी माहेरवाशिणीचा शब्द मोडत नाहीत, वर्षातून एकदा मिळणारा हा अधिकार मी आजवर साडीचा रंग निवडण्यापलीकडे वापरला नव्हता.

"गोकर्ण, खाली जा आणि यंत्र थांबव."

"दिदी, बा—"

"पळ!"

तो टोपी सांभाळत पळाला. बा उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अंगणात एवढी शांतता, की कढईतलं तेल निवतानाही ऐकू यावं. मुहूर्त तर टळू देता येत नाही, म्हणून बांनी मूठभर टिळा घेतला आणि जावयाच्या कपाळावर असा दाबला की खगेंद्रची मान मागे गेली. आशीर्वाद म्हणावाच लागतो, तो दात आवळून म्हटला. शत्रूंचा नाश होवो, या शब्दांना गोकर्ण लहान असताना हिशेब चुकला की जो आवाज लागायचा तो लागला.

खालून यंत्राची घरघर थांबली. खगेंद्र ओसरीवरच्या पंख्याकडे पाहत होता. मला वाटलं, निभावलं. पंखा फिरत होता. मग तो वेगात फिरला आणि थांबला.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. भर दुपार, देश डोळे मिटून, मान खाली घालून बसलेला. वापरायला कुणी नाही म्हटल्यावर आठही ठिकाणची यंत्रं उधळली आणि स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडली. ती एकदम पडल्यावर वीज कमी पडली, मग बाकीची पडली. तासभर थांबायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सगळे दिवसभर थांबले.

"सर, गेलं," निरुता म्हणाली.

"किती?"

"सगळं, सर." ती रडत होती. खगेंद्र तिला धीर देत राहिला, कुठलं यंत्र आधी उठवायचं, मग कुठलं, अगदी शांत आवाजात. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

वीज यायला दिवेलागण झाली. अंधाराबद्दल देशाची फारशी तक्रार नव्हती, अंधाराची आम्हाला सवय आहे. पण टिळा लावून माणसं मोठ्या आशेने स्वयंपाकघरात गेली होती आणि घराघरांत मटण अर्धं कच्चं होतं. नव्या चुली आल्यावर सिलिंडर विकून टाकलेल्यांनी विजयादशमीला कोरडे पोहे चावले. हे काही देश माफ करणार नव्हता. चौकशी समिती नेमली गेली.

समितीत तिघे होते. त्यांना शोधायचं होतं, की त्या घडीला कुणी काय केलं. आठ प्रकल्पांनी काहीच केलं नव्हतं, म्हणून ते निर्दोष ठरले. संबंध देशात मुहूर्ताआधी हात हलवलेला प्रकल्प एकच सापडला. तो लिस्ने खोला, आणि तो थांबवायला लावणारा रजेवरचा अधिकारी, तोही सासरी बसून. साहेबांना कुठला फोन केल्याचं आठवत नव्हतं. शुभेच्छांचे तेवढे केले होते.

समिती बांचा जबाब घ्यायला सिस्नेरीला आली तेव्हा मीही गेले. नवऱ्याची नोकरी त्या ओसरीवर ठरणार होती. समितीचा मुख्य गोड बोलणारा होता. त्याने बांना समजावलं, की कसलीही पूर्वसूचना नव्हती, जावयाने मनमानी केली, एवढं सांगितलंत तर कंपनीला भरपाई मिळेल आणि लिस्ने खोला पुन्हा कधी थांबवणार नाही असं पत्रही मिळेल. अंगणात भागधारक उभे होते. त्यांच्या माना आधीच हलायला लागल्या. बांची निवडणूक त्याच आठवड्यात होती. त्या दिवसापासून बा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी मनातल्या मनात खगेंद्रचं सामान बांधून टाकलं.

"मग लिहू का?" मुख्य म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही फक्त खाली सही करा. 'मी, टंकनाथ ढुंगाना, असं नमूद करतो की...'"

"थांबा," बा म्हणाले. "या गावाच्या तीन पिढ्यांना मी श्रुतलेखन घातलंय. मला कुणी घालायचं नाही. पूर्वसूचना आठवडाभर आधी आली होती, मी वाचली होती. नऊ जणांना सांगितलं होतं. एकाने ऐकलं, तेही माझ्या पोरीने ऐकायला लावलं म्हणून. मी जावयाचे पाय धरून बसलो होतो. लिहा. त्याआधी आठ फोन आले, कुणाकुणाचे ते मी ऐकले. त्यांचीही नावं लिहा. शुद्धलेखन मी तपासून देतो."

समितीतल्या कुणाचंही पेन चाललं नाही. मुख्य म्हणाला, चहा छान झालाय. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की स्थानिक साक्षीदार वयोवृद्ध असून त्यांच्या स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. लिस्ने खोल्याला ना भरपाई मिळाली ना पत्र. बा निवडणूक हरले, आणि अशी हरले की डिपॉझिटचीही आठवण राहिली नाही. खगेंद्रला नोकरीवरून काढलं नाही, हाच उपकार. त्याची बदली विजेच्या चुलींच्या प्रचार विभागात झाली. आता तो गावोगाव जाऊन बायकांना सांगतो, की वीज भरपूर आहे, वापरा. दोन घोट घेतल्यावर तो आता काही म्हणत नाही. मी वाट बघते, पण म्हणत नाही.

निकालाच्या संध्याकाळी मी बांना फोन केला. म्हटलं, "बा, तुम्ही त्या दिवशी जे बोललात ना, मला फार अभिमान वाटला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं."

पलीकडे बांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता तेही मनातलं काही सांगणार.

"मंदिरा," बा म्हणाले, "ज्वाईंच्या जागी आता कोण बसतं?"

"ती निरुता. पोखरेल. तिलाच बसवलंय."

"पोखरेल? म्हणजे आपल्यातलीच. मुलगी लग्नाची आहे ना?"

"बा!"

"अगं, आपल्या गोकर्णसाठी विचारतोय. गोत्र विचारून ठेव." मग आवाज खाली आणून, फार अनुभवाने शहाणा झालेला माणूस बोलतो तसे बा बोलले, "मी चूकच केली बघ. जावयाच्या पाया पडावं लागतं. सुनेला नुसतं सांगता येतं."